आधी चकती, मग ठसा

‘एरर’ म्हटले की रुपयाचा भाव चढतो. म्हणून हल्ली कानस लागलेला, डाग काढलेला, शिकंज्यात दाबलेला प्रत्येक चांदीचा रुपया ‘एरर’ होऊनच आपल्या काउंटरवर येतो. पारख करताना पहिला प्रश्न एकच ठेवा: दोष ठसा पडण्याआधीचा, ठशासोबतचा की नंतरचा?

चंद्रकोरीएवढा काप गेलेला रुपया घ्या. भाईंदर पूर्वेच्या भांड्यांच्या गाळ्यांत पत्रा पुरेसा पुढे सरकला नाही, तर नवे सर्कल आधीच्या भोकावर चढते आणि कोरीएवढे कमी पडते. टांकसाळीत चकतीचेही तेच. पुढे अशा चकतीची किनार यंत्रात उचलताना कापाच्या बरोबर समोर दाब बसत नाही. तिथली कड बहुधा पसरट, पुसट राहते. ठसा पडताना कापाजवळची चांदी मोकळ्या बाजूला सरकते, म्हणून तिथली अक्षरे ओढल्यासारखी दिसतात. समोरची कड ठणठणीत आणि अक्षरे मध्येच सफाईने छाटलेली असतील, तर संशय कानशीवर. नुसत्या काट्यावर विसंबू नका, 11.66 ग्रॅमपेक्षा वजन दोन्हींत कमीच भरणार.

पापुद्रा सुटलेला असेल तर खळग्यात पाहा. तिथेही नक्षी फिकट का होईना उमटली असेल, तर तो आधीच गळलेला. ठशाला तडा गेला की नाण्यावर रेघ उठते. ओरखडा खाली जातो. ब्रोकेजमध्ये एकीकडे नीट, दुसरीकडे त्याच बाजूची उलटी, खोल प्रतिमा हवी. नीट बाजू चेपटलेली दिसली की शिकंजा आठवा.

हे निकष चांदवडी किंवा अंकुशी रुपयाला लावायचे नाहीत. तिथे ठसा चकतीपेक्षा मोठा, घाव हाताचा. मजकूर अर्धवट उतरणे हा नियमच. असा रुपया ‘ऑफ-सेंटर’ म्हणून जादा भावाने विकणे म्हणजे नवख्याला गंडवणे. सराफांनी चांदी तपासायला मारलेल्या खुणाही टांकसाळीच्या खाती जात नाहीत. आणि 1911 चा ‘डुकराचा रुपया’? पंचम जॉर्जच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसला, लोक बिथरले, 1912 मध्ये सोंड सुधारली. नाणे दुर्मीळ खरे, पण चूक नक्षीची. ‘मिंट एरर’च्या यादीत त्याला जागा नाही.

काप गेलेले रुपये ज्यांच्या संग्रही असतील त्यांनी दोन्ही बाजूंसोबत कापासमोरच्या कडेचाही फोटो पाठवावा. वजन ग्रॅममध्ये, दोन दशांशांपर्यंत. कडेचा फोटो नसलेली नाणी पुढच्या अंकात घेणार नाही.