जिंकलास का, की काय बांधलेस?

खेळ म्हटला की जय-पराजय आलाच, या समजुतीला स्वीडनच्या मार्कस पेर्सन यांच्या ‘माइनक्राफ्ट’ने धक्का दिला. २००९ मध्ये हा संगणकीय खेळ लोकांसमोर आला, तेव्हा त्याला शेवटच नव्हता. ठोकळे खणावेत आणि रचावेत, एवढेच. नोव्हेंबर २०११ च्या पूर्ण आवृत्तीत अजस्र ड्रॅगन आला व त्याच्या वधाने समाप्तीही लाभली.

मग ध्येय आणि लढाई अपरिहार्य आहेत काय? लढाईला तेथे अर्थ निश्चित आहे : रात्री झोंबी चालून येतात, म्हणूनच भिंतीला मोल येते. परंतु त्याच खेळात ‘पीसफुल’ हा पर्यायही आहे. तो निवडल्यास चालून येणारे शत्रू नाहीसे होतात, भूकही छळत नाही. हिंसा नको असलेल्या घरांनी तो अवश्य जाणून घ्यावा. शत्रू गेले तरी मुले किल्ले उभारतातच. ध्येय तेव्हा त्यांच्या मनातून येते.

ड्रॅगन मारल्यावरही खेळाडू आपल्याच जगात परततो आणि अर्धे राहिलेले बांधकाम पुढे चालू होते. तात्पर्य, ध्येय उपलब्ध असावे, लादलेले नसावे. म्हणून मुलाला ‘जिंकलास का?’ असे न विचारता ‘काय बांधलेस?’ असे विचारावे.