गावातल्या युद्धस्मारकावर आकडा आहे, मग नावं कुठे गेली?

सातारा जिल्ह्यातलं अपशिंगे हे गाव आपल्या नावापुढे 'मिलिटरी' लावतं. इथल्या जवळपास प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी सैन्यात आहे किंवा होतं. पहिल्या महायुद्धात गावचे ४६ जवान धारातीर्थी पडले, असं इथे सांगितलं जातं. ब्रिटिशांनी त्यांच्या स्मरणार्थ उभारलेलं स्मारक आजही गावात आहे.

१५ ऑगस्ट जवळ आला की या गावाच्या पोस्ट फिरू लागतात. ४६ हा आकडा त्यात असतोच. ते ४६ जण कोण होते, हे मात्र क्वचितच कुणी सांगतं.

आकड्यांचा साचा

त्या युद्धानंतर ब्रिटिश सरकारने देशभरातल्या अनेक गावांत संगमरवरी फलक लावले. मजकूर ठरलेला: या गावातून इतके जण १९१४-१९१९च्या महायुद्धात गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. दोन आकडे, नाव एकही नाही. (गेलेले आणि न परतलेले हे दोन वेगळे आकडे आहेत. शेअर करण्याआधी फलक नीट वाचलेला बरा.)

युरोपात मात्र नियम वेगळा होता. १९१७मध्ये स्थापन झालेल्या युद्धकबर आयोगाचं तत्त्वच असं होतं की हुद्दा, वंश, धर्म न पाहता प्रत्येक मृत सैनिकाचं नाव कोरायचं. फ्रान्समधल्या नव शापेल इथे भारतीय जवानांची नावं कोरलेली आहेत.

मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, हे तत्त्व गळून पडलं. सातारकरांसाठी हाच भाग महत्त्वाचा, कारण मराठा पलटणी मोठ्या प्रमाणावर तिथेच लढल्या. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही पलटणी कुत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकल्या होत्या. २९ एप्रिल १९१६ला तिथल्या फौजेने शरणागती पत्करली आणि नंतर कैदेत असंख्य जवान मेले. बसरा इथल्या स्मारकावर ब्रिटिश सैनिकांची नावं आहेत. साध्या भारतीय शिपायांसाठी मात्र पलटणीचं नाव आणि पुढे मृतांची संख्या, एवढंच.

एप्रिल २०२१मध्ये या आयोगाने स्वतःच्याच चौकशीचा अहवाल प्रसिद्ध केला. आफ्रिका, आशिया आणि मध्यपूर्वेतल्या किमान १ लाख १६ हजार मृतांची नावानिशी नोंद झाली नाही किंवा त्यांचं स्मरणच झालं नाही. हा आकडा साडेतीन लाखांपर्यंतही जाऊ शकतो, असं त्यात म्हटलं होतं. ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी संसदेत माफी मागितली. अहवालाने मागे पूर्वग्रह होता हे मान्य केलं. पण नुसती माफी मागून नावं परत येत नाहीत.

मग आपण काय केलं?

दिल्लीच्या इंडिया गेटवर १३ हजारांहून अधिक नावं आहेत, पण ती मुख्यतः वायव्य सरहद्द आणि तिसऱ्या अफगाण युद्धातली. २०१९मध्ये खुलं झालेलं राष्ट्रीय युद्धस्मारक १९४७नंतरच्या जवानांचं आहे. २०२३च्या 'मेरी माटी मेरा देश' मोहिमेत गावोगावी शिलाफलक लागले आणि त्यावर स्थानिक वीरांची नावं कोरायची होती. इथे खरी अडचण येते. साम्राज्यासाठी लढलेला शिपाई 'देशासाठी' गेला असं म्हणायचं का? वाद होऊ शकतो. मात्र तो पगारासाठी, दुष्काळामुळे किंवा घराण्याची रीत म्हणून गेला असला, तरी गावाने एक माणूस गमावला हे खरंच आहे. त्याचं नाव लिहिण्यासाठी तेवढं पुरेसं असायला हवं.

शोध घ्यायचा तर मार्ग आहे. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या वेबसाइटवर मृतांची यादी मोफत उपलब्ध आहे. अनेक भारतीय नोंदींत वडिलांचं नाव, गाव, तालुका आणि जिल्हाही मिळतो. शोधताना गावाच्या आणि आडनावाच्या स्पेलिंगची तीन-चार रूपं टाकून पाहावी लागतात, कारण तेव्हाच्या कारकुनाने कानावर पडलं तसं लिहून घेतलेलं असतं.