विश्लेषण : ‘शेंगदाणे काढून देतो’ म्हटले तरी धोका का?

अंगारकीला जालन्याहून राजूरच्या गणपतीला निघालेल्या भाविकाला वाटेत काय मिळते? साबुदाणा खिचडी, भगर, दाण्याची आमटी. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्यासाठी उपवासाचा दिवस हाच बाहेर खाण्याचा सर्वांत जोखमीचा दिवस ठरतो. एरवीही मराठवाड्यात वांग्याच्या भाजीत, रश्शात, ठेच्यात कूट पडते. ते दिसत नाही, एवढेच.

नियम काय सांगतात?
‘एफएसएसएआय’च्या २०२० च्या नियमांनुसार पाकिटावर ग्लूटेनयुक्त धान्ये, कोळंबी-खेकडे, मासे, दूध, अंडी, शेंगदाणे, काजू-बदामासारखा सुकामेवा, सोयाबीन आणि ठरावीक प्रमाणापुढे सल्फाइट यांचा उल्लेख सक्तीचा आहे. तीळ या यादीत नाही. अमेरिकेत तो १ जानेवारी २०२३ पासून आहे. मेन्यूकार्डावर अशी माहिती देण्याचे बंधन मात्र केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा अथवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या हॉटेलांनाच आहे. समृद्धी महामार्गावरून जालन्यात उतरलेला प्रवासी जेवतो ते बहुधा साध्या ढाब्यावर. तिथे सगळी भिस्त आचाऱ्याच्या आठवणीवर.

मग विचारायचे काय?
नुसते ‘अ‍ॅलर्जी आहे’ म्हणून भागत नाही. ती आवडनिवड समजली जाते आणि ‘शेंगदाणे काढून देतो’ असे उत्तर येते. दाणे वेचले तरी त्यातली प्रथिने पदार्थात राहतातच आणि त्रास त्यांचाच होतो. म्हणून वेटरला नव्हे, आचाऱ्याला विचारावे : वाटणात कूट आहे का? कढई-पळी तीच का? तेल कोणते? रिफाइंड शेंगदाणा तेलात प्रथिने जवळपास नसतात, घाण्याच्या तेलात राहू शकतात. उत्तर देताना आचारी अडखळला, तर तिथे न जेवलेले बरे. पोरांसाठी तर डबा सोबत हवाच.

त्रास सुरू झाला तर?
अंगावर पित्त उठले, ओठ सुजले आणि सोबत दम लागला, घसा आवळला किंवा चक्कर आली, तर अ‍ॅलर्जीच्या गोळीवर विसंबू नये. गरज असते ती मांडीत दिल्या जाणाऱ्या अ‍ॅड्रेनलिनच्या इंजेक्शनची. १०८ ला फोन करून ‘खाण्याची गंभीर अ‍ॅलर्जी’ असे स्पष्ट सांगावे. रुग्णाला आडवे झोपवून पाय उंच ठेवावेत. दम लागत असेल तर बसू द्यावे, चालवू नये. डॉक्टरांनी इंजेक्शन लिहून दिलेले असेल, तर ते गाडीच्या डिकीत नव्हे, हाताशी ठेवावे. उन्हात तापलेल्या गाडीत ते निकामी होऊ शकते.