पोराचे पाऊल चुकले तर

आज पिकाचे नव्हे, पोराचे बोलू. मागे एक शेतकरी कार्यालयात येऊन नुसताच बसून राहिला. त्याच्या एकोणीस वर्षांच्या मुलाने तालुक्याच्या दुकानात फवारणी पंपाचा नोझल खिशात घातला आणि तो सापडला. बाप म्हणाला, "साहेब, गुन्हा कबूल करून मोकळा करतो."

मी म्हटले, "थांबा. कबुली म्हणजे दोष सिद्ध. आधी वकील गाठा." ऐपत नसेल तर तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. नियमात बसल्यास वकील मोफत मिळतो.

कोणते कलम लावले ते वकिलाकडून समजून घ्या. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम ३०३ प्रमाणे माल ५,००० रुपयांच्या आतला, दोष पहिलाच आणि माल किंवा किंमत परत केलेली असेल, तर शिक्षा समाजसेवेची. कलम ३०५ लागले तर मात्र सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

१९५८ च्या परिवीक्षा कायद्याने न्यायाधीश पहिल्या गुन्ह्यात समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडू शकतात. वय २१ च्या आत असेल तर तुरुंग शक्यतो टाळावा, असे हाच कायदा सांगतो. म्हणून शाळा सोडल्याचा दाखला जवळ ठेवा. तारीख चुकवू नका.

दुसऱ्या दिवशी बापलेक दोघे समितीकडे गेले. तुम्हीही पोराला एकटे पाठवू नका.