अडीच इंच पुरेत!

मित्रांनो, शीर्षक वाचून हा मशीन ड्रॉइंगचा लेख वाटला असेल तर लगेच पान उलटू नका. विषय आहे चाकूचा. खिशात मावणाऱ्या, मिटणाऱ्या साध्या चाकूचा. आणि रेक्टर सर, तुम्हीही दचकू नका. शेवटपर्यंत वाचा, ही नम्र विनंती!

आपल्या हॉस्टेलच्या नियमावलीत एक ओळ आहे : ‘खोलीत धारदार वस्तू बाळगू नये.’ आता प्रत्यक्षात काय चालतं ते पाहू. कुरिअरचं खोकं आपण किल्लीने फाडतो. वायरवरचं इन्सुलेशन दाताने सोलतो. (हसू नका, प्रोजेक्टच्या दिवसांत कोण नाही सोलत?) ड्रॉइंग शीट कापायला दाढीचं अर्धं ब्लेड. पेरू कापायलाही तेच! म्हणजे धारदार वस्तू खोलीत आहेच, फक्त तिला मूठ नाही. आणि बोट कापतं ते बहुधा अशाच उघड्या पात्याने. म्हणून माझं सरळ मत आहे की, चाकू असावा. प्रश्न आहे तो किती मोठा असावा, हा.

इथे आपली पोरं दोन टोकाला जातात. एक जण काळा, दातेरी, हातभर चाकू मागवतो आणि आठवडाभर सगळ्यांना उघडून दाखवतो. नंतर तो कपाटात पडून राहतो, कारण जीन्सच्या खिशात घालून बसताच येत नाही. दुसरा नेलकटरला जोडलेल्या पात्यावर भागवतो, आणि लिंबू कापताना घाम गाळतो.

आपण इंजिनिअर ना? मग आधी काम बघू, माप नंतर. दिवसभरात लागतं काय? चिकटपट्टी कापणं, दोरा तोडणं, पेन्सिलला टोक, वायर सोलणं, दुधाची पिशवी, एखादं फळ. यातलं सगळ्यात मोठं काम म्हणजे सफरचंद. त्याचा व्यास साधारण सात-आठ सेंटीमीटर. पण ते एका घावात कापायचं असं कुठे लिहिलंय? गोल फिरवून कापलं की पात्याची लांबी व्यासाहून थोडी कमी असली तरी चालते. म्हणजे सहा सेंटीमीटर, जवळजवळ अडीच इंच. बाकी सगळी कामं तर पात्याच्या टोकाकडच्या इंचभरातच होतात. उलट पातं जितकं लांब, तितकं ते टोक मुठीपासून दूर. तिथे लावलेल्या जोराचा मोमेंट मनगटावर वाढत जातो आणि ताबा कमी होतो. पहिल्या वर्षाचं मेकॅनिक्स आठवा!

पात्याइतकीच महत्त्वाची मूठ. चार बोटं तिच्यावर बसली पाहिजेत. स्वित्झर्लंडच्या व्हिक्टोरिनॉक्स कंपनीचं उदाहरण घेऊ. १८९१ साली तिच्या संस्थापकाने स्विस सैन्याला चाकू पुरवले. आज तिच्या चाकूंची मिटलेली लांबी ठरावीक मापांत येते : ५८, ८४, ९१, १११ मिलिमीटर वगैरे. ५८ वाला किल्ल्यांच्या जुडग्यात राहतो, पण त्यावर दोनच बोटं मावतात आणि पातं जेमतेम दीड इंच. १११ वाला हातात झकास बसतो, पण खिशात जड होतो. ८४ आणि ९१ हे मधले. पातं अनुक्रमे अडीच आणि पावणेतीन इंचांच्या आसपास, आणि खिशात असल्याचं जाणवतही नाही. हीच कंपनी घ्या असं मी म्हणत नाही. माप मात्र हेच घ्या. दुकानात पट्टी घेऊन जा, मिटलेला चाकू तळहातावर आडवा ठेवून बघा. तळव्याच्या रुंदीएवढा किंवा किंचित जास्त असला की झालं.

लॉक हवं का? मला विचाराल तर नको. ओढून कापायच्या कामाला आतली स्प्रिंग पुरते. बिनलॉकच्या चाकूने भोसकायला गेलं तर पातं आपल्याच बोटांवर मिटतं. त्यामुळे भोक पाडायला टोचा वापरावा, चाकू नव्हे. ब्रिटनमध्ये १९८८ च्या कायद्यात हाच विचार दिसतो : मिटणारा, बिनलॉकचा, तीन इंचांपर्यंत पात्याचा चाकू तिथे वेगळं कारण न देताही जवळ ठेवता येतो.

आपल्याकडे २०१६ च्या शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या यादीत येतात, घरगुती, शेतीच्या वगैरे कामाचे वगळून. पण म्हणून आठ इंच घेऊन फिरायला मोकळे, असं समजू नका! महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली आदेश निघाला की सार्वजनिक जागी चाकू बाळगण्यावर बंदी येऊ शकते. आणि विमानात हातातल्या बॅगेत चाकू चालत नाही, तो मोठ्या सामानात टाकायचा.

आता खरा मुद्दा. ‘सेफ्टीसाठी असू दे रे’ म्हणून चाकू घेणारे मित्र आपल्यात आहेत. त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे, घेऊ नका. हॉस्टेलमधलं भांडण मेसच्या रांगेवरून सुरू होतं आणि दुसऱ्या दिवशी चहावर मिटतं. त्यात एखाद्याच्या खिशातून पाच इंची पातं निघालं, तर दुसरा दिवस उजाडेलच याची खात्री नाही. दोन घरं उद्ध्वस्त होतात. रेक्टर सरांना हीच भीती वाटते, आणि ती अजिबात चुकीची नाही. अडीच इंची पातंही इजा करू शकतं, हे मला मान्य आहे. पण ते मिरवायला कोणी घेत नाही. मोठा चाकू घेतानाच मनात काम नसतं, समोरचा माणूस असतो. फरक तिथे पडतो.

म्हणून सर, ती ओळ बदलावी अशी विनंती. ‘धारदार’ हे मोजता येत नाही, इंच मोजता येतात. नियम असा करा : मिटणारा, बिनलॉकचा, तीन इंचांच्या आतला एक चाकू, तोही नाव नोंदवून. परीक्षा हॉल, गॅदरिंग आणि निवडणुकीच्या दिवसांत तो ऑफिसात जमा. त्याहून मोठा सापडला तर खुशाल जप्त करा, आम्ही तक्रार करणार नाही. सरसकट बंदीने छोटे चाकू गेले, पण मोठा लपवणारा लपवतोच. मोजता येणारा नियम मात्र मुलंच एकमेकांना पाळायला लावतील.

काय सर, पटतंय का? मोजायला व्हर्निअर आम्ही वर्कशॉपमधून आणतो!