नाडीचे बूट

शांता शेळके यांची ‘चौघीजणी’ आपल्यापैकी कितीजणींनी वाचली असेल! त्याच कथेवरचा २०१९ सालचा ‘लिटल विमेन’ परवा लेकीबरोबर पाहिला. वेशभूषेसाठी त्याला ऑस्कर मिळालं आहे. माझी नजर मात्र पायघोळ झग्यांखालच्या नाडीच्या बुटांवरच!

“साडीवर बूट?” हे हसले. म्हटलं, “चार तास वर्गात उभी मी असते!”

दुकानातले ‘व्हिक्टोरियन’ बूट पाहिले. आतून चेन, पुढची नाडी नुसती शोभेची. संध्याकाळी माझे घोटे सुजतात, तेव्हा चेन वर सरकेना. खरी खुबी नाडीतच आहे. सकाळी आवळावी, संध्याकाळी सैल करावी. अर्थात बांधायचा कंटाळा तेव्हाही असणारच. १८३७ साली लंडनच्या स्पार्क्स हॉल यांनी व्हिक्टोरिया राणीसाठी इलॅस्टिकचे बूट केलेच की!

शेवटी बूट शिवणाऱ्या काकांकडून करवून घेतले. तुम्हीही घेणार असाल तर लक्षात ठेवा:

माप संध्याकाळी, मोजे घालून, उभं राहून द्या. दोन्ही पावलं कागदावर आखा. ती सारखी नसतात. घोट्याचा घेरही मोजा. नाडीखालची जीभ रुंद हवी, टाच बुटकी आणि रुंद. पावसाळ्यात आत वर्तमानपत्राचे बोळे भरा, पण ओले बूट उन्हात किंवा शेगडीजवळ वाळवू नका, चामडं तडकतं.

पैसे माझ्या पगारातले. दरवेळी लेकीचं आधी, मग घराचं. यंदा म्हटलं, आधी माझे पाय!