बारा उच्चारांचा तक्ता फाडा!

जपानी शिकणारं पब्लिक दोन प्रकारचं. एक 'नारुतो' बघून आलेलं, दुसरं आमच्यासारखं, कंपनीला जपानी क्लायंट मिळाला म्हणून आलेलं. दोघांच्याही हातात क्लासमध्ये एक तक्ता पडतो: ही कांजी, हा अर्थ, हे चिनी वळणाचे 'ओन' उच्चार, हे अस्सल जपानी 'कुन' उच्चार. पुढच्या शनिवारी टेस्ट. हा तक्ता म्हणजे शुद्ध छळ आहे आणि त्यातून जपानी येत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

एकच कांजी घेऊ. पाच स्ट्रोकची, जमिनीतून वर येणाऱ्या रोपट्याच्या चित्रावरून आलेली. जपानी पोरं पहिलीत शिकतात. तक्त्यात अर्थ लिहिलेला असतो 'जीवन, जन्म'. सरकारच्या २०१० च्या 'जोयो' यादीत २१३६ कांजी आहेत, त्यात या एकटीचे उच्चार बारा! सेई आणि शो हे दोन ओन. मग इकिरु (जगणे), उमारेरु (जन्मणे), उमु (जन्म देणे), हाएरु (उगवणे) वगैरे दहा कुन. बसा घोकत.

घोकून झालं? आता बारांपैकीच 'नामा' बघा. नामातामागो म्हणजे कच्चं अंडं. नामाबीरु म्हणजे उष्णतेची प्रक्रिया न केलेली बियर. नामाहोसो म्हणजे थेट प्रक्षेपण. नामागोमी म्हणजे स्वयंपाकघरातला ओला कचरा (पुणेकरांना वेगळं समजवायला नको). आणि आमच्या धंद्यात नामा डेटा, म्हणजे जसा आला तसा, चाळण न लावलेला. जे शिजवलं नाही, वाळवलं नाही, मध्ये कुणी हात लावला नाही, ते नामा. हे चार-पाच शब्द भेटले की आपोआप कळतं. 'नामा = कच्चा' पाठ करून प्रक्षेपण कसं कळणार, डोंबल?

सेईचंही तेच. एरर आली की स्क्रीनवर 'हस्सेई' दिसतं, म्हणजे उद्भवली. डिराइव्हड क्लास म्हणजे 'हासेई' क्लास. व्हिडिओ प्ले करायचा तर 'साइसेई', उत्पादन म्हणजे 'सेईसान', आणि हल्ली ज्याच्या नावाने सगळे नाचतायत ते जनरेटिव्ह एआय म्हणजे 'सेईसेई' एआय. आमच्या टीममधला एक जण बाराच्या बारा उच्चार धडाधडा म्हणून दाखवतो, पण लॉगमध्ये 'हस्सेई' दिसलं की थबकतो!

मराठीत 'लागणे' कसं शिकलो आपण? भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, दिवे लागतात, यायला दोन तास लागतात, शेवटी वाट लागते. कुणी दिला होता तक्ता?

यावर ठरलेलं उत्तर येतं: "अहो, पण परीक्षेला लागतं ना!" (लागलंच बघा.) साफ खोटं. जेएलपीटीमध्ये वाक्य देतात, शब्दाखाली रेघ असते, चार पर्यायांतून त्या शब्दाचा उच्चार निवडायचा. एका कांजीचे सगळे उच्चार सांगा असा प्रश्नच नसतो. २०१० मध्ये चारच्या पाच लेव्हल झाल्या, तेव्हापासून कांजींची अधिकृत यादीसुद्धा निघत नाही. बाजारातल्या 'एन३ च्या कांजी' म्हणजे पुस्तकवाल्यांचे अंदाज.

मग तक्ता का चालतो? कारण तो तपासायला सोपा. वाक्यं तपासायला सेन्सेईंना वेळ लागतो, रकाने दहा मिनिटांत होतात. त्यात भरडली जातात पोरं. आमच्या बॅचमधली निम्मी दुसऱ्या लेव्हललाच गळाली, बहुतेक कांजीपायी. फी गेली ते सोडा, "आपल्याला भाषा जमतच नाहीत" हे डोक्यात घेऊन गेली. हीच पोरं रोज तीन-तीन भाषा बोलतात!

असो. जाता जाता तक्तेवाल्यांना एक गृहपाठ. हिरवळीला जपानीत 'शिबाफु' म्हणतात. त्यातला 'फु' म्हणजे आपली हीच कांजी. बारांत शोधा, सापडणार नाही. खुद्द सरकारनेसुद्धा तो शब्द परिशिष्टात वेगळा, अख्खाच्या अख्खा टाकलाय. तुम्ही कुठल्या रकान्यात बसवताय, तेवढं कळवा.